तुझ्या सहीच्या सात पट्ट्या

ताई,

वाकून नमस्कार करायला पाठ परवानगी देत नाही, तेव्हा हा बसल्या खुर्चीतून केलेला समज आणि आशीर्वादात काटकसर करू नकोस. गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारतोय. उजव्याबद्दल तू मागच्या पत्रात दीड पान लिहिलं होतंस, तो आता मला पाठ आहे. भावोजींचा खोकला गेला, की अजून खोकला तोच आणि डॉक्टर नवे असं चाललंय? मी बरा आहे. तुझी भावजय बरी आहे, म्हणजे बोलते आहे (मध्ये पाच दिवस बोलत नव्हती, त्याचं कारण पुढे येईल). माझं जाड पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती काढ. या पत्रात मला तुझ्याकडे काहीही मागायचं नाही.

फक्त एक बातमी कळवायची आहे. बाबा गेल्यानंतर तू या घरातला तुझा हिस्सा माझ्या नावे सोडलास, तो कागद आठवतो? तूच लिहिला होतास, निळ्या शाईने, एकच पान. खाली तुझी सही, शेजारी माझी. बारा वर्षं तो कपाटात सुखाने पडून होता. आता त्याच्या पस्तीस पट्ट्या झाल्या आहेत, उभ्या, सारख्या रुंदीच्या, अगदी सुबक. एकट्या तुझ्या सहीच्या सात. घाबरू नकोस, चूक माझी नाही. ती कोणाची हे नीट कळावं म्हणून थोडं मागून सांगतो.

आमच्या समोर एक गृहस्थ राहतात. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांना मरणाची, आगीची आणि चोरीची भीती घालून पोट भरलं, आता तेच हौस म्हणून करतात. गल्लीत त्यांना खबरदार म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना तो मान वाटतो. एका सकाळी मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवली, तर हे रस्ता ओलांडून आले, बादलीत वाकले आणि दोन बोटांनी एक लिफाफा वर काढला. त्यावर माझं नाव आणि पत्ता होता (माझ्या बादलीत दुसऱ्या कोणाचं नाव असायला हवं होतं, ते मला कळलं नाही). मग तासभर त्यांनी फाटकाशी उभं राहून मला समजावलं की हल्ली चोर घरात शिरत नाहीत, कचऱ्यात शिरतात. तुमचे कागद नेतात, जोडतात, वाचतात आणि तुम्ही होतात. ओळख चोरतात म्हणे. मी मनात म्हटलं, न्यावी. ज्याला माझी ओळख मिळेल त्याला माझा रक्तदाब मिळेल, कवळीचं माप मिळेल आणि ग्रंथालयाने पाठवलेली चार स्मरणपत्रं मिळतील. बिचारा आठवड्याच्या आत परत आणून देईल. पण खरं सांगू? घरात आल्यावर जरा बरंही वाटलं. सहासष्टाव्या वर्षी आपल्याकडचं काहीतरी कोणालातरी चोरावंसं वाटतं, ही कल्पना वाईट नाही. त्या बरं वाटण्यातच मी दुपारी बाजारात गेलो आणि कागद कातरायचं यंत्र घेऊन आलो. त्याला श्रेडर म्हणतात. तुझ्याकडे नसेल तर नसू दे.

दुकानात तीन जातींची होती. एक कागदाच्या पट्ट्या करतं, एक तुकडे करतं, एक भुगा करतं. भुग्याचं यंत्र सरकारी खाती घेतात असं विक्रेत्याने आदराने सांगितलं. मी विचारलं, त्यांना इतकं लपवण्यासारखं काय असतं. तो म्हणाला, "काका, आम्ही विचारत नाही." मी पट्ट्यांचं घेतलं. माझ्या आयुष्याला पट्ट्या पुरेत असा त्याचाही अंदाज पडला असावा, कारण त्याने आग्रह केला नाही.

हे यंत्र म्हणजे एक प्लॅस्टिकची बादली आणि तिच्यावर बसवलेलं एक डोकं. डोक्याला एक फट, तेच तोंड. सोबत माहितीपत्रक. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाच्या हातात असलं पत्रक देऊ नये. पहिल्याच पानावर चौदा चुका. पण चुकांचं सोड, मजकूर बघ. यंत्रास एका वेळी पाच कागद खावयास द्यावेत. यंत्रास बोटे खावयास देऊ नयेत. सैल केस, गळपट्टी व वृद्ध व्यक्ती यंत्रापासून दूर ठेवाव्यात. हे शेवटचं तुझ्या भावजयीने मोठ्याने वाचलं आणि पत्रकाची घडी घालून ते स्वतःच्या कपाटात ठेवलं.

आता त्याची कामाची पद्धत ऐक. पाच कागद खाईन म्हणतं, दोन खातं. तिसरा घातला की घशात घेऊन घुरघुरतं. दोन मिनिटं काम केलं की अंग तापतं, लाल दिवा लागतो आणि अर्धा तास विश्रांती. दोन मिनिटं काम, अर्धा तास विश्रांती. असा एक माणूस आमच्या छापखान्यात होता, तो व्यवस्थापक झाला. टाचणी चालत नाही, पिना चालत नाहीत, चिकटपट्टी चालत नाही, जाड कागद चालत नाही, ओला चालत नाही. थोडक्यात, चांगला कागद लागतो. जो कागद फाडून टाकायचा तो आधी साफ करून, पिना उपटून, इस्त्री केल्यासारखा सरळ करून त्याच्या तोंडाशी धरायचा. मी हाताने फाडत होतो तेव्हा एका कागदाला एक क्षण लागायचा. आता पाऊण मिनिट लागतं, आणि त्याला प्रगती म्हणायचं.

आणि तरीही मला नाद लागला. तुझ्यापासून काय लपवायचं. कागद आत ओढला जातो, खालून पट्ट्या गळतात, आणि दोन मिनिटं आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. पहिल्या आठवड्यात घरातली बिलं संपली. मग जाहिराती. मग औषधांच्या पुड्यांतले ते बारीक अक्षरातले कागद (ते चोराने वाचले असते तर त्याचंच भलं झालं असतं). मग मी लोकांच्या घरी गेलो की त्यांच्या रद्दीकडे बघायला लागलो. खबरदार एकदा तपासणीला आले. त्यांनी बादलीतून एक पट्टी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले की ही जोडता येते, तुम्ही भुग्याचं घ्यायला हवं होतं. ज्या माणसाने मला या फंदात पाडलं त्यानेच नाक मुरडलं. मी त्यांना चहा विचारला नाही.

पट्ट्यांचं काय करायचं हे पत्रकात नाही. रद्दीवाल्याला दोन पोती दाखवली. त्याने आत हात घातला, मूठभर बाहेर काढलं आणि विचारलं, "काका, हा कागद आहे का गवत?" मी म्हटलं कागदच आहे, फक्त वाचता येत नाही. तो म्हणाला की वाचायचं कोणाला आहे, रचता आला पाहिजे. गेला. इतक्या वर्षांत छापील मजकुराबद्दल मी ऐकलेलं हे सर्वात नेमकं मत. शेवटी एक पोतं जिन्याखाली राहिलं आणि दुसऱ्यातलं बरंचसं तुझ्या भावजयीने शेजारच्या गणिताच्या बाईंना दिलं. त्यांनी तीन ससे पाळले आहेत, त्यांच्या पेटीत अंथरायला. माझी गोपनीयता सशांखाली गेली. असो.

आता पाकिटांवर येतो. बाबांचं पाकिटांचं शास्त्र तुला नव्याने सांगायला नको, पण हे पत्र कदाचित पुढेमागे कोणाला दाखवावं लागेल, म्हणून लिहून ठेवतो. चोर हा शिकलेला माणूस असतो, असा बाबांचा सिद्धान्त. तो आधी पाकिटावरचं नाव वाचतो. म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या पाकिटावर 'जुन्या पावत्या', 'मोडक्या घड्याळाची हमी', 'सायकल' असली नावं, आणि ज्यावर 'अतिमहत्त्वाचे' लिहिलं त्यात वर्तमानपत्राचे कातरलेले कागद. वर्षातून एकदा सगळी वीसच्या वीस पाकिटं काढून, प्रत्येकात चुकीच्या नावाखाली योग्य वस्तू आहे याची खात्री करून, कोपऱ्यात बरोबरची खूण करायची. आपल्या घरी पन्नास वर्षांत चोर आला नाही. आला असता तर त्याने बाबांचं किती ऐकलं असतं, हे कळायला मार्ग नाही.

बाबा गेले. तू तो हिस्स्याचा कागद लिहिलास, आपण सह्या केल्या, आणि तो तू स्वतःच्या हाताने 'जुन्या पावत्या' या पाकिटात ठेवलास. मी समोर होतो. तू म्हणालीस की बाबांच्या पद्धतीनेच राहू दे. (मी दोष देत नाही. कोणी काय कुठे ठेवलं एवढंच नोंदवतोय.) मग तू तुझ्या घरी गेलीस आणि मी त्या वीस खोट्या नावांबरोबर उरलो. ताई, माझा धंदा चुका काढण्याचा. कपाट उघडलं की वीस चुका एका ओळीत उभ्या. किती दिवस सहन करणार? एका रविवारी मी बसलो आणि दुरुस्तीला सुरुवात केली. खोडाखोड मला चालत नाही, म्हणून प्रत्येक चुकीचं पाकीट बदलून तसंच नवं घेतलं, त्यावर खरं नाव घातलं, आणि तपासून झालं म्हणून कोपऱ्यात बरोबरची खूण केली. छापखान्यात तीच रीत, खूण झाली की पान छपाईला. अकरा पाकिटं झाली. बाराव्याच्या आत छापखान्यातून एका शब्दकोशाची मुद्रितं आली, ती सात महिने पुरली, आणि दुरुस्ती राहिली ती राहिलीच.

म्हणजे बघ काय झालं. माझी खूण म्हणजे नाव खरं. बाबांची खूण म्हणजे नाव खोटं. खुणा दोन्ही सारख्या, कारण खूण करायला मला त्यांनीच शिकवलं. अक्षर मेलं त्यांच्यासारखंच, हे तूच म्हणायचीस. आणि बारा वर्षांत नवी-जुनी सगळी पाकिटं एकाच रंगाची पिवळी पडली. मी मात्र मनाशी पक्कं धरून बसलो होतो की दुरुस्ती पुरी झाली आहे. अर्धवट सोडलेलं काम आपण पुरं केलं होतं असं वाटणं, ही या वयाची एकमेव सवलत.

तर यंत्राला खायला काही उरलं नाही तेव्हा मी कपाटाकडे वळलो. 'अतिमहत्त्वाचे' हे पाकीट आदराने बाजूला ठेवलं. 'जुन्या पावत्या' काढलं. कोपऱ्यात खूण होती. तुझी भावजय दारात होती. ती म्हणाली, "एकदा आत बघून तरी घ्या." मी तिला सांगितलं की एकतीस वर्षं माझ्या खुणेवर पुस्तकं छापली गेली आहेत. ती गेली. मी पाकिटातल्या घड्या उलगडल्या, सरळ केल्या, दोन-दोन करून यंत्राला दिल्या. पावत्याही होत्या त्यात, वरून चार, बाबांनी वेषांतर म्हणून ठेवलेल्या. त्या मी बघितल्या आणि समाधान पावलो. बाकी बघितलं नाही. तुझा कागद तिसऱ्या फेरीत गेला असावा, कारण चौथ्या फेरीआधी लाल दिवा लागला.

नऊ दिवसांनी नगरपालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला. गल्लीखाली सांडपाण्याची नवी वाहिनी टाकताहेत. प्रत्येक घराची जोडणी मालकाच्या नावाने द्यायची, जुनी वाहिनी बंद करायची. आमच्या घराच्या मालकाच्या रकान्यात अजून बाबा आहेत. (आपण नोंद बदललीच नाही. भावाबहिणीत कागद पुरे, कचेरी कशाला, असं तेव्हा मी म्हणालो आणि तू गप्प राहिलीस. ते गप्प राहणं मी होकार धरलं.) पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मालकी दाखवा, नाहीतर घर वारसांच्या वादातलं समजून जोडणी रोखली जाईल. म्हणजे घर राहील, छप्पर राहील, मी राहीन, आणि न्हाणीघरातलं पाणी जिथल्या तिथे राहील. मी हसतच कपाटाशी गेलो आणि 'अतिमहत्त्वाचे' उघडलं. त्यात फुटबॉलच्या जुन्या सामन्यांची कात्रणं निघाली, आयताकृती, कडा सरळ. तुझ्या भावजयीने कात्रणांकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे, आणि तिथून ते पाच दिवस सुरू झाले.

मी कचेरीत गेलो. तिथला कारकून नोंदवहीतून डोकं वर न काढता बोलतो, त्यामुळे त्याचं तोंड कसं आहे हे मी सांगू शकणार नाही. मी म्हटलं, कागद होता, आता नाही. त्याने विचारलं, "कोणी फाडला?" मी म्हटलं, यंत्राने. "यंत्र कोणाचं?" मी म्हटलं, माझं. त्याने लिहिलं, 'मालकाने स्वतः नष्ट केला.' मग थोडा विचार करून 'मालकाने' हा शब्द खोडला, कारण ते अजून सिद्ध व्हायचं होतं, आणि वर लिहिलं 'सदर इसमाने'. एकतीस वर्षांत इतकी अचूक दुरुस्ती मी फार कमी बघितली. मग त्याने एक दुसरा मार्ग सांगितला. तो इथे लिहीत नाही. मला तो आवडला नव्हता. मी म्हटलं मूळ कागदच जोडून आणतो. तो म्हणाला, आणा.

जिन्याखालचं पोतं मी जेवणाच्या टेबलावर ओतलं. ताई, तुला कल्पना नाही. एका कागदाच्या पस्तीस पट्ट्या, आणि मी तीन आठवडे यंत्राला बसू दिलं नव्हतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवत होतो, न बोलता, एखाद्या स्थानकावर जेवावं तसं. मी अर्थाने पट्ट्या लावत होतो. 'सो' दिसला की 'सोडते' असेल, 'ह' दिसला की 'हिस्सा' असेल. चार दिवसांत दातांच्या दवाखान्याची एक सबंध जाहिरात जोडली. पाचव्या दिवशी तुझी भावजय खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "अर्थ नंतर लावा. आधी रंग बघा." निळ्या शाईच्या तेवढ्या पट्ट्या तिने दुपारभरात वेगळ्या काढल्या. सव्वीस. उरलेल्या नऊ टेबलावर नव्हत्या, म्हणजे सशांकडे होत्या.

गणिताच्या बाईंकडे तेव्हा शिकवणी चालू होती. मी काय हवंय ते शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ते मोठ्या आवाजात परत म्हणून बरोबर आहे का विचारलं. मग बारा मुलींच्या देखत मी सशांच्या पेटीपुढे गुडघ्यावर बसलो (माझा गुडघा ठणठणीत आहे, तेवढंच घराण्यात एक) आणि निळी शाई शोधली. बाई म्हणाल्या की ससे बाकी कशालाही तोंड लावत नाहीत, तुमचे कागद मात्र आवडीने खातात. माझं लेखन इतक्या आवडीने यापूर्वी कोणी घेतलेलं नाही, आणि हेही माझं नव्हतं, तुझं होतं. नवातल्या सात मिळाल्या. दोन कायमच्या गेल्या. त्यामुळे आता तुझ्या प्रत्येक ओळीत दोन जागी एकेक अक्षर कमी आहे, पण वाचता येतं.

वाचता येतं, आणि मी वाचला. हे पहिल्यांदाच. दचकू नकोस, बारा वर्षांपूर्वी तो मी बघितला होता. तू लिहून माझ्यापुढे ठेवलास, मी पेन्सिल घेतली, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि सही केली. मुद्रितशोधक अक्षरं बघतो. काय लिहिलंय ते बघत बसलो तर चुका निसटतात, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी तुझा कागद तपासला होता, वाचला नव्हता. चिकटपट्टीने शेवटची पट्टी बसवली तेव्हा खालची ओळ उभी राहिली. घर भावाचं, हे वर होतंच. खाली तू लिहिलंस की मागची खोली मात्र मी माझ्यासाठी ठेवते आहे. येईन तेव्हा विचारणार नाही, आले की ती रिकामी असावी. त्या ओळीत माझी पेन्सिल आहे. म्हणजे माझे डोळे तिथून गेले होते.

बारा वर्षांत तू पाच वेळा आलीस. पाचही वेळा बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या पलंगावर झोपलीस, कारण मागच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत, मुद्रितांचे गठ्ठे आहेत आणि ते टेबल आहे ज्यावर मी निवृत्तीनंतर काहीतरी लिहिणार होतो. दुसऱ्या वेळी तू विचारलंस, मागची खोली कशी आहे. मी दार उघडून तुला टेबल दाखवलं, दिवा दाखवला, आणि गठ्ठ्यांना हात लावू नकोस म्हणून सांगितलं. तू उंबऱ्यावरच उभी राहिलीस. म्हणालीस, उजेड चांगला येतो. मला वाटलं तू टेबलाची जागा वाखाणतेस. तुझ्या या स्वभावाचं मला काही कौतुक नाही, हे स्पष्ट लिहितो. माणसाने बोलावं. मनात ठेवून बारा वर्षं दाराजवळ झोपण्यात कसला मोठेपणा आहे? पण तूही बोलली नाहीस म्हणून मी सुटतो का, याचा मी दोन दिवस विचार केला, आणि उत्तर माझ्या बाजूने आलं नाही.

तो चिकटवलेला कागद कचेरीत नेला. कारकुनाने पहिल्यांदा डोकं वर काढलं, कागदाकडे बघितलं आणि असल्या गोधडीवर शिक्का मारता येत नाही म्हणाला. (तोंड साधंच आहे.)

बातमी एवढीच. भावोजींना खोकला जाईपर्यंत तेच डॉक्टर ठेवा म्हणावं. गुडघ्याला जप. मोठ्यांना जे सांगायचं ते सांग आणि लहानांच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझा,
सदर इसम

ता. क. सोबत एक छापील नमुना आहे. कारकुनाने सांगितलेला दुसरा मार्ग तो हाच. बहिणीने नव्याने लिहून दिलं तर जुन्या कागदाची गरज नाही. पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत तिथे तिथे सही कर, दोन साक्षीदारांच्या घे, आणि वीस तारखेच्या आत पोचेल असं पाठव. याला मागणं म्हणू नकोस, एकदा केलेलीच सही पुन्हा करायची आहे. नमुन्यात मागच्या खोलीसाठी रकाना नाही. मी विचारलं होतं. तो म्हणाला, खोलीबिली तुम्ही घरात बघून घ्या.

ता. क. २. ती खालची ओळ मी तुला कळवली नसती तरी चाललं असतं. तुझ्याकडे प्रत नाही, भावोजींना काही आठवत नाही, आणि यंत्र हाताशी होतं, थंड होतं. मी तसं केलं नाही. हे माझ्या बाजूने लिहून ठेव, कारण माझ्या बाजूने लिहिण्यासारखं बाकी फारसं नाही. खोली आवरायला घेतली आहे.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत लिहिते. खोली आवरायला घेतलेली नाही. कालपासून तीन पुस्तकं दारापर्यंत आली, तिन्ही यांनी उभ्याउभ्या वाचली आणि परत जागेवर ठेवली. तुम्ही सही करून पाठवलीत की हे पुढची बारा वर्षं आवरतील. म्हणून तो छापील नमुना मी पाकिटातून काढून माझ्याकडे ठेवला आहे. तुम्हाला तो इथेच मिळेल. अठरा तारखेला या, आधी नको. आधी आलात तर यांना वाटेल भरपूर वेळ आहे. सामान सरळ मागच्या खोलीत ठेवा, मग बसून ठरवा सही करायची की नाही. गठ्ठ्यांची काळजी करू नका, शेजारच्या बाईंच्या सशिणीला पिल्लं झाली आहेत, त्यांना बरंच लागतं. गादी आज उन्हात टाकली आहे. येताना एक चांगलं कुलूप घेऊन या, आणि किल्ली जाताना बरोबर न्या.